दर जूनला झिरो का पळतो? सागवानी दस्त्याच्या टार्गेट रायफलीचं हट्टी दुखणं

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमच्या रायफलीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल. उन्हाळाभर रायफल बिनचूक चालते, दहाच्या दहा शॉट एका भोकात जातात. मृग लागतो, दोन-तीन पाऊस होतात आणि ग्रुप, म्हणजे टार्गेटच्या कार्डावरचा भोकांचा पुंजका, वर-डावीकडे सरकायला लागतो. ग्रुप फुटत नाही, आहे तसाच घट्ट राहतो, फक्त जागा सोडतो. शूटर नेम धरायच्या साइटचे चार क्लिक फिरवतो, ग्रुप मध्ये येतो, म्हणजे झिरो जुळतो. आठ दिवसांनी परत चार क्लिक. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की तेच क्लिक उलटे फिरवावे लागतात, आणि पुढच्या जूनला पुन्हा पहिल्यापासून.

माझं जळगावला छोटं लेथचं वर्कशॉप आहे. संध्याकाळी एका १० मीटर रेंजवर पोरांच्या रायफली बघतो. नवीन मापाचा दस्ता बसवून घेतलेल्या रायफलींमध्ये हे दुखणं मी इतक्यांदा पाहिलंय की एकदा सविस्तर लिहून ठेवावं असं वाटलं. कारण यावर सगळ्यात जास्त केला जाणारा उपाय, म्हणजे साइट फिरवणं, हा उपायच नाही. मीही दोन पावसाळे तेच करत होतो.

ज्या रायफलीवर हे शिकलो तिची हकीकत अशी. चोपडा तालुक्यातली एक मुलगी आमच्याकडे यायला लागली तेव्हा नववीत होती. वडिलांनी तिच्यासाठी वापरलेली, पण चांगल्या जातीची मॅच, म्हणजे स्पर्धेची, एअर रायफल घेतली. ॲक्शन, म्हणजे बॅरल आणि ट्रिगर धरणारा धातूचा मधला भाग, उत्तम, बॅरल उत्तम. दस्ता मात्र उंच, लांब हाताच्या माणसाच्या मापाचा. तिचा गाल चीकपीसवर नीट टेकेना आणि ट्रिगरपर्यंत बोट ताणून न्यावं लागे. ॲल्युमिनियमचा नवा दस्ता घ्यायचा तर खर्च झेपणारा नव्हता. मग वडिलांनी जुन्या घराचं धाबं उतरवलं तेव्हाची सागाची तुळई बाहेर काढली आणि गावातल्या सुतारमामांनी तिच्या मापाने दस्ता घडवला. इतका देखणा दस्ता मी क्वचितच पाहिलाय. वरून पॉलिश असं की त्यात तोंड दिसावं. रायफल दस्त्यासकट साडेपाच किलोच्या नियमातही बसली.

तो दस्ता फेब्रुवारीत तयार झाला. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडमध्ये अंगाची लाही होत असताना ती पोरगी दहा-दहा मारत होती. जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे कार्ड घेऊन आली. "काका, काल सगळे दहा होते. आज आठ, आठ, आठ. तेही सगळे एकाच जागी."

मी पॉझिशन बघितली, श्वास बघितला, ट्रिगर बघितला आणि साइट फिरवून दिली. "एकाच जागी" हे शब्द तेव्हाच नीट ऐकायला हवे होते. शूटर चुकतो तेव्हा शॉट पसरतात. पसरलेले नसून सगळे मिळून सरकले असतील, तर बहुधा रायफलीतलं काहीतरी जागेवरून हललेलं असतं.

किती हललं की किती गुण जातात

१० मीटरच्या कार्डावर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा. प्रत्येक रिंग पुढच्या रिंगपासून अडीच मिलिमीटरवर, म्हणजे दशांशाच्या मोजणीत एक दशांश गुण पाव मिलिमीटरचा. पुढची आणि मागची साइट यांच्यात ७५ सेंटीमीटर अंतर धरा. मागची साइट ०.१९ मिमी सरकली की कार्डावर अडीच मिलिमीटर फरक पडतो, पूर्ण एक गुण. एक दशांशाला पुरतात ०.०१९ मिमी. आम्ही टर्नर लोक ज्याला एक थाऊ म्हणतो ते ०.०२५ मिमी, म्हणजे इथे एक थाऊसुद्धा लागत नाही. हा आकडा मी पोरांना फळ्यावर लिहून दाखवतो, कारण त्याशिवाय "स्क्रू जरासा ढिला होता" यातलं "जरासा" किती मोठं आहे ते समजत नाही.

टार्गेट रायफल अचूक कशाने होते असं विचारलं की बहुतेक जण बॅरलचं नाव घेतात. बॅरल चांगली लागतेच. आतल्या आट्या सारख्या हव्यात, तोंडाची कड, म्हणजे क्राउन, सगळीकडून सारखी हवी. छर्रा बाहेर पडताना मागची हवा एका बाजूने आधी निसटली तर छर्रा तिथेच कलतो. पण चांगल्या कंपनीची मॅच बॅरल वर्षानुवर्षं टिकते, ती जूनमध्ये बिघडून नोव्हेंबरमध्ये आपोआप दुरुस्त होत नाही. ऋतूबरोबर येणारं आणि ऋतूबरोबर जाणारं दुखणं ऋतूने बदलणाऱ्या वस्तूत शोधायचं असतं. प्रत्येक शॉटनंतर ॲक्शन, बॅरल, साइट, दस्ता हे सगळे एकमेकांच्या संदर्भात पुन्हा नेमक्या त्याच जागी येतात का, हा माझा प्रश्न असतो. आज येतात, पण पुढच्या महिन्यात येतील का?

आधी दोन भाग करा

कोणताही स्क्रू खोलण्याआधी रायफल रिकामी आहे याची खात्री करा आणि दुरुस्तीच्या वेळी हवेचं सिलिंडर काढून ठेवा. तपासताना शॉट मारायचेच असतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा आणि शॉट मारायच्या रेषेवर एकच माणूस, हा नियम मी कुणासाठीही मोडत नाही.

पहिली चाचणी सगळ्यात उपयोगी. दस्ता पूर्ण काढा. नुसती ॲक्शन लाकडाच्या किंवा फायबरच्या जबड्यांमध्ये, बॅरलला कुठेही हात न लावता, व्हाइसमध्ये धरा. व्हाइस असा घट्ट बसवलेला हवा की टेबल हलणार नाही. दहा शॉट मारा. मग दस्ता चढवा, रायफल वाळूच्या पिशव्यांवर ठेवा आणि परत दहा मारा. आमच्याकडे जुन्या जीन्सच्या पायात तापीची चाळलेली, वाळवलेली वाळू भरून शिवलेल्या पिशव्या आहेत, त्या विकतच्यापेक्षा चांगल्या बसतात.

चांगली मॅच एअर रायफल, तिला मानवणारा छर्रा आणि व्हाइसमध्ये धरलेली ॲक्शन, एवढं असेल तर दहा शॉटचं भोक बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत साडेपाच-सहा मिलिमीटरच्या आसपास यायला हवं. छर्राच साडेचार मिलिमीटरचा आहे, म्हणजे प्रत्यक्ष फैलाव मिलिमीटर-दीड मिलिमीटर. नुसत्या ॲक्शनने असं भोक पाडलं, तर बॅरल, छर्रा, हवेचा दाब, व्हॉल्व्ह हे सगळे एका झटक्यात निर्दोष सुटतात. उरतो दस्ता, त्याचे स्क्रू, साइट आणि माणूस. नुसत्या ॲक्शननेच भोक मोठं पाडलं, तर दस्त्याकडे बघूही नका, आधी छर्रे आणि हवा.

या मुलीच्या रायफलीने व्हाइसमध्ये एक सुबक भोक पाडलं. दस्ता चढवल्यावर भोक तेवढंच सुबक, पण साडेचार मिलिमीटर वर-डावीकडे. तिसऱ्या पावसाळ्यात मी हे करून पाहिलं. पहिल्याच पावसाळ्यात करायला हवं होतं, तिची एक जिल्हा स्पर्धा वाचली असती.

छर्रे आणि हवा, थोडक्यात

दोषी दस्ता निघाला तरी या दोन गोष्टी एकदा तपासून बाजूला ठेवलेल्या बऱ्या. छर्ऱ्याच्या डोक्याचं माप डब्यावर लिहिलेलं असतं, ४.४९, ४.५०, ४.५१ असं. कोणत्या बॅरलला कोणतं आवडतं ते व्हाइसमध्येच ठरवायचं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून नाही. पावसाळ्यात उघडा राहिलेला डबा तपासा. शिशावर पांढरट भुकटी धरलेली असेल तर तो डबा सरावालाही वापरू नका.

हवेचा हिशेब खानदेशात जरा वेगळा करावा लागतो. सकाळी २७ अंशांना २०० बारपर्यंत भरलेलं सिलिंडर दुपारी ४७ अंशांच्या शेडमध्ये पडलं, तर आतला दाब सुमारे २१३ बार होतो. हे साधं वायूचं गणित आहे, निरपेक्ष तापमान ३०० वरून ३२० झालं की दाबही त्याच प्रमाणात चढतो. म्हणून मे महिन्यात सिलिंडर काठोकाठ भरू नका, आणि उन्हात उभ्या गाडीत तर कधीच ठेवू नका. सिलिंडरवर कोरलेली तारीख आणि कंपनीने दिलेलं आयुष्य बघा, संपलं असेल तर ते सिलिंडर बाद.

रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला सारख्याच दाबाची हवा देणारा भाग, नीट असेल तर सिलिंडरचा दाब उतरत गेला तरी छर्ऱ्याचा वेग सारखा राहतो. तो बिघडला की काय होतं ते असं: छर्रा सेकंदाला १७० मीटरने जात असेल तर १० मीटरवर गुरुत्वाने तो साधारण १७ मिलिमीटर खाली येतो, १६५ मीटरने गेला तर १८. पाच मीटरच्या फरकाला एक मिलिमीटर, म्हणजे चार दशांश गुण. पण हा फरक उभा पडतो, डावीकडे नाही. म्हणून ग्रुप उभा लांबला असेल तर रेग्युलेटरचा संशय घ्या, आणि तो उघडायचं काम जाणकारालाच द्या. दाबाखालचा भाग आपण उघडायचा नाही.

एक खूणगाठ मात्र बांधून ठेवा. कुणी बॅरलला आणि सिलिंडरला एकत्र धरणारा पट्टा किंवा वजन लावलं असेल तर ते आधी काढा. दाबाबरोबर सिलिंडर किंचित फुगतं आणि आखडतं, आणि बॅरलला आपल्याबरोबर ओढतं. दाब १९० असताना आणि ९० असताना पाच-पाच शॉट मारून बघितलं की हा दोष लगेच उघडा पडतो.

लाकूड म्हातारं झालं तरी पाणी पितं

दस्त्यावर बोट ठेवलं तेव्हा मुलीचे वडील मनापासून दुखावले. "भाऊ, सत्तर वर्षांची तुळई आहे. आता ते लाकूड काय हलणार?"

प्रश्न रास्त होता, आणि मला त्याचं उत्तर नीट द्यायचं होतं, कारण त्या लाकडात त्यांचं घर होतं. लाकूड वाळलं म्हणजे त्यातलं झाडाचं पाणी गेलं. पण हवेतली ओल घेणं आणि सोडणं ते कधीच थांबवत नाही. आपल्या घराची दारं दर पावसाळ्यात चौकटीला घासतात, तीही जुनीच असतात. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ वाढत नाही, आडव्या दिशेने फुगतं. साग या बाबतीत फार गुणी लाकूड आहे, बाकीच्यांपेक्षा कमी हलतं. पण आपल्याला एक थाऊचा हिशेब लागतोय.

मी दस्त्यातून ॲक्शन उचलली आणि खाचेत टॉर्च मारली. बाहेरून पॉलिशचे थरच्या थर, आणि आत कोरं लाकूड. सुतारमामांची यात चूक म्हणवत नाही. पलंगाची किंवा कपाटाची आतली बाजू कुणी पॉलिश करत नाही. पण बाहेरून बंद आणि आतून उघडं, म्हणजे सगळी ओल खाचेतून आत शिरणार. खाचेचा आकार बदलणार, आणि दोन्ही बाजू सारख्या फुगणार नाहीत, कारण एका बाजूला लाकडाचा पोत उभा तर दुसऱ्या बाजूला आडवा.

त्यात आमच्या रेंजवरचा कूलर. पाण्याचा डेझर्ट कूलर डाव्या भिंतीला, आणि या मुलीची लेन त्याच्या अगदी समोर. उन्हाळ्यात ती ओली हवा तीन-तीन तास दस्त्याच्या एकाच बाजूला लागत होती. मे महिन्यात दुपारनंतर तिचा ग्रुप थोडा सरकायचा, त्याचं कारण मी उकाड्याला आणि थकव्याला लावत आलो होतो. लेन बदलली तेव्हा दुपारचं सरकणं थांबलं. आता कूलरचं तोंड छताकडे केलंय.

"साइट तर बॅरलवरच आहे, मग दस्त्याने काय होतं?"

हा प्रश्न हुशार पोरं हमखास विचारतात. बॅरल वाकली तर साइटही तिच्याबरोबर जाईल, मग फरक का पडावा? याचं उत्तर असं की पुढची साइट बॅरलच्या तोंडाशी असते, पण मागची ॲक्शनवर. दस्त्याने ॲक्शन पिळली की बॅरल ॲक्शनमध्ये जिथे बसते त्या जोडावर किंचित कोन पडतो. बॅरल ४२ सेंटीमीटर आणि साइटमधलं अंतर ७५ सेंटीमीटर असेल, तर त्या कोनाचा निम्म्याहून थोडा जास्त भाग पुढची साइट स्वतः सरकून भरून काढते. उरलेला निम्म्याहून थोडा कमी भाग कार्डावर दिसतो. बॅरलचं तोंड ०.१ मिमी सरकलं तर कार्डावर साधारण एक मिलिमीटर. म्हणून ग्रुप घट्ट राहून नुसता सरकतो. ॲक्शन वाकलेली असते, पण दर शॉटला सारखीच वाकलेली.

पुढे दस्ता आणखी फुगून बॅरलला खालून टेकला, तर मात्र ग्रुप फुटायलाही लागतो. शॉटच्या वेळी बॅरलला मोकळं थरथरू द्यायचं असतं. ती कधी टेकते, कधी टेकत नाही, अशी अवस्था सगळ्यात वाईट. दहाची नोट बॅरल आणि दस्त्याच्या मधून सरकवून बघा. तोंडापासून ॲक्शनपर्यंत ती कुठेही न अडकता गेली पाहिजे. आमच्याकडे आता नोटेची दुहेरी घडी जाईल एवढी फट ठेवतो.

डायल लावून दोषी पकडणं

दस्त्याच्या पुढच्या टोकाला सी-क्लॅम्पने डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल सुईने दाखवणारं माप, धरा, क्लॅम्पखाली कापड घाला. सुईचं टोक बॅरलवर टेकवा आणि डायल शून्यावर आणा. आता ॲक्शनचा एक स्क्रू हळूहळू ढिला करा. सुई जागची हलली नाही, तर ॲक्शन दस्त्यात निवांत बसलेली आहे. सुई फिरली तर ती वाकवून बसवलेली होती आणि सुटताच सरळ झाली. दोन थाऊपर्यंत मी मान्य करतो, म्हणजे ०.०५ मिमी. या रायफलीत पुढचा स्क्रू सोडताच सुई ०.१८ वर गेली.

मग आम्ही मशिनच्या पृष्ठभागांना करतो तसं ब्लू मॅचिंग केलं. ॲक्शनच्या तळाला निळ्या मार्किंग पेस्टचा अगदी पातळ हात दिला, ती दस्त्यात बसवली, हलकी आवळली, आणि उचलली. निळा रंग खाचेत दोनच ठिकाणी उमटला, पुढे उजवीकडे आणि मागे डावीकडे. कोपऱ्यावर कोपरा. स्क्रू आवळला की ॲक्शन पिळली जाणार, हे त्या दोन ठिपक्यांनी इतकं स्पष्ट सांगितलं की वडिलांनी स्वतःच "हां" म्हटलं आणि पुढचं काम करायला परवानगी दिली.

ॲक्शनची दस्त्यातली बसक दुरुस्त केली ती अशी

लाकडाला आवळायचं नाही, धातूला आवळायचं, एवढंच तत्त्व. स्क्रूच्या जागी ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या घालायच्या, म्हणजे पिलर. मी १२ मिमी बाहेरच्या व्यासाचे वळले. आतलं भोक स्क्रूपेक्षा सैल ठेवलं, स्क्रूचा दांडा कुठेही पिलरला लागता कामा नये, फक्त डोकं खाली बसावं. पिलरची लांबी अशी की ॲक्शन वरून आणि स्क्रूची वाटी खालून थेट पिलरवरच टेकेल. मग लाकूड फुगो की आखडो, आवळलेला दाब बदलत नाही.

पिलर आणि खाचेचा तळ इपॉक्सीने बसवला. इथे सागाची एक गोची आहे, आणि ती न कळल्यामुळे माझं पहिलं काम वाया गेलं. सागात नैसर्गिक तेल असतं. त्यावर इपॉक्सी लावलं की धरल्यासारखं वाटतं, आणि काही महिन्यांनी पापुद्र्यासारखं सुटून येतं. म्हणून खाच खरखरीत पॉलिशपेपरने घासायची, ॲसिटोनमध्ये भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसायची, फडकं पिवळं निघतंय तोवर पुसत राहायचं, आणि वाळताच लगेच इपॉक्सी भरायचं. तेल परत वर यायला वेळ द्यायचा नाही. ॲसिटोन पेट घेतं, तेव्हा दारं-खिडक्या उघड्या आणि आसपास विडी-सिगारेट बंद.

ॲक्शनला मात्र इपॉक्सी चिकटता कामा नये. तिच्यावर मेणाचे दोन थर, प्रत्येक भोकात पोरांची मॉडेलिंग क्ले, कडांना टेप. हे घाईत केलं तर ॲक्शन दस्त्यात कायमची चिकटते, आणि ट्रिगरच्या भोकात शिरलेलं इपॉक्सी काढण्यापेक्षा नवा ट्रिगर स्वस्त पडतो. ॲक्शन बसवल्यावर स्क्रू आवळायचे नाहीत, नुसते टेकवायचे. आवळले तर जो पीळ काढायचाय तोच इपॉक्सीत कायमचा गोठतो. आमच्या उन्हाळ्यात इपॉक्सी भराभर घट्ट होतं, मिसळून होईपर्यंत डब्यातच तापतं. हे काम पहाटे पाचला सुरू करा आणि थोडं-थोडंच मिसळा. चोवीस तास हात लावू नका.

दुसऱ्या दिवशी डायलवर सुई ०.०२ हलली. मग खाचेतलं उरलेलं सगळं कोरं लाकूड, स्क्रूची भोकं, बटप्लेटखालचा (खांद्याला टेकणाऱ्या पाटीखालचा) चेहरा, पिस्तूलग्रिपखालचा भाग, सगळं पीयू पॉलिशने बंद केलं. बटप्लेटखालची जागा सगळे विसरतात. तिथे लाकडाचा आडवा छेद उघडा असतो आणि तिथून लाकूड सगळ्यात जास्त ओल ओढतं.

स्क्रू किती आवळायचे ते रायफलीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. हाताचा अंदाज चालत नाही, छोटा टॉर्क रेंच लागतो. तीन जणांना एकच स्क्रू हाताने आवळायला लावा आणि मग रेंचने मोजा, तीन वेगळे आकडे येतात. आवळून झाल्यावर प्रत्येक स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूवर नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. चोपड्याहून एसटीने येणारी रायफल दर रविवारी किती हादरे खाते ते त्या रेघेवरून दिसतं. मागच्या साइटच्या आणि पुढच्या साइटच्या नळीच्या स्क्रूंनाही तशीच रेघ. आमच्याकडे झिरो पळाल्याच्या तक्रारींतल्या कितीतरी या एका रेघेनेच सुटल्या, दस्त्याला हात लावावाच लागला नाही. म्हणून खरं तर ती पहिली तपासा.

बटप्लेट आणि तिरपेपणा

मापाने बनवलेल्या दस्त्यात हलणारे भाग जास्त असतात, आणि प्रत्येक हलणारा भाग म्हणजे सैल होऊ शकणारा भाग. बटप्लेट थोडी फिरली की रायफल खांद्यावर तिरपी बसते. पाच अंश तिरपी झाली की छर्रा दीड मिलिमीटर बाजूला जातो, हे १७ मिलिमीटरच्या घसरणीतून आपोआप निघतं. शूटरला ते पाच अंश जाणवत नाहीत, कारण खांद्याला सगळं नेहमीसारखंच लागतं. चीकपीस खाली बसला तर डोळा मागच्या साइटच्या भोकाच्या मध्यावरून सरकतो. या दोन्हीवर मिलिमीटरची पट्टी चिकटवून आकडा वहीत लिहून ठेवा. वाढत्या वयाच्या पोरांचं माप दर सहा महिन्यांनी बदलतं, तेव्हा जुना आकडा नसला तर परतीची वाट राहत नाही.

.२२ची (काडतुसाची) रायफल असेल तर

कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य जिंकलं. तो तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता, त्यामुळे भुसावळच्या रेल्वेच्या घरांमध्ये त्या दिवशी वेगळाच आनंद होता. तेव्हापासून आमच्याकडेही पोरं ५० मीटरचं विचारतात. दस्त्याचं दुखणं तिथेही हेच, पिलर आणि इपॉक्सीचा इलाजही तोच. पण .२२ हे परवान्याचं अग्निशस्त्र आहे. दस्त्यापलीकडे बॅरल, चेंबर, बोल्ट यातलं काहीही असेल तर परवानाधारक आर्मररकडेच न्यायचं. माझ्या लेथवर मी ते घेत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

तिथे आणखी एक गोष्ट वाढते, काडतुसाचा लॉट. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या दोन डब्यांवर वेगवेगळे लॉट नंबर असतील, तर एकाच बॅरलमधून ते वेगळे ग्रुप देतात. सेकंदाला ३२५ आणि ३२० मीटर अशा दोन वेगांत ५० मीटरवर साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो, आणि तिथे एका गुणाची रिंग आठ मिलिमीटरची आहे. म्हणून जुना लॉट संपत आला आणि झिरो हलला, तर आधी डब्यावरचा नंबर बघा. लॉट बदलल्यावर पहिले काही शॉट मोजणीत धरू नका, बॅरलमध्ये नव्या गोळीचं मेण बसायला वेळ लागतो.

यंदाचा जून

दुरुस्ती मार्चमध्ये झाली. मे महिन्यात कडक उन्हात आणि नंतर २० जूनला, सलग चार दिवस पावसाची झड लागलेली असताना, आम्ही वाळूच्या पिशव्यांवर त्याच लॉटचे दहा-दहा छर्रे मारले. पूर्वी साडेचार मिलिमीटर सरकणारा ग्रुप अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी सरकला. डावीकडचं सरकणं गेलं, थोडं वर जाणं उरलंय. ते लाकडाचं नसावं असं मला वाटतं, कारण झडीच्या दिवशी शेडमधला उजेड मंद असतो. टार्गेटवर आता दोन एलईडी पट्ट्या लावल्या आहेत आणि पश्चिमेच्या दारावर जाड पडदा. तेवढं करून परत दहा मारून बघायचे आहेत.

सध्या तिच्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे. तारीख, तापमान, सिलिंडरचा दाब, छर्ऱ्याचा लॉट, साइटचे क्लिक, आणि नेलपॉलिशच्या रेघा जागेवर आहेत की नाहीत. शेवटच्या रकान्यात वडील लाल पेनने लिहितात. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मागच्या स्क्रूची रेघ एका केसाने हलली होती. त्यांनी साइटला हात न लावता रायफल तशीच माझ्याकडे आणली.